माकडहाडावरचा नासूर : फ्लॅप आणि लेसर कुठून आले

कोल्हापुरात पायलोनिडल सायनसचा, म्हणजे माकडहाडावरच्या केस अडकलेल्या नासुराचा, पेशंट बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला, अंगावर दाट केस, दिवसभर रिक्षात, उसाच्या ट्रॅक्टरवर किंवा शिरोली एमआयडीसीतल्या खुर्चीवर बसलेला. ‘केसतोड आहे’ म्हणून मलमं लावून झालेली असतात. मग विचारणा होते ती एकच : टाक्यांचं ऑपरेशन (फ्लॅप) की लेसर? या दोन उपायांची कुळंच वेगळी आहेत.

हर्बर्ट मेयो यांनी १८३३ मध्ये केस असलेला असा सायनस नोंदवला. पुढे बराच काळ हा आजार जन्मजात मानला गेला, त्यामुळे हाडापर्यंत सगळं कापून काढायची रीत पडली. दुसऱ्या महायुद्धात ती महागात पडली. अमेरिकी लष्कराचे जवळपास ७९ हजार सैनिक या दुखण्याने दाखल झाले, तेही सरासरी ५५ दिवस. खापर फुटलं जीपच्या धक्क्यांवर. १९४६ मध्ये पेटी (Patey) आणि स्कार्फ (Scarff) या डॉक्टरांनी मांडलं की गळालेले केस बाहेरून कातडीत घुसतात. न्हाव्यांच्या बोटांच्या बेचक्यातही असा सायनस होतो, यावरून ते पटायला लागलं.

मग एका बाजूने दोष दोन नितंबांमधल्या खोल घळीवर आला. ग्रीसच्या कारिडाकिस यांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत अशी : घळ उथळ करा आणि टाके मध्यरेषेवरून बाजूला न्या. लिंबर्ग फ्लॅपमध्ये समभुज चौकोनी तुकडा काढून नितंबाची कातडी चरबीसह फिरवून बसवतात, साचलेलं पाणी काढायला ड्रेन (नळी) ठेवतात, दहा-चौदा दिवसांनी टाके काढतात. चुकतं ते खालच्या कोपऱ्याला. तो गुदद्वाराजवळ मध्यरेषेवरच राहिला तर घामाने ओला राहतो, उकलतो. म्हणून आता तो मुद्दाम बाजूला सरकवतात. थेट मध्यरेषेवर टाके घालणं मात्र सोडूनच द्यायला हवं. सायनस परत होण्याचं प्रमाण त्यात सर्वांत जास्त.

दुसरी बाजू केस आत शिरतात त्या कातडीवरच्या छिद्रांच्या मागे लागली. लॉर्ड आणि मिलर यांनी १९६५ मध्ये छोटी छिद्रं काढून आतले केस ब्रशने साफ केले, १९८० मध्ये बॅस्कॉम यांनी ते पुढे नेलं. लेसर याच घराण्यातला. छिद्रं कापतात, केस ओढून काढतात, कातडीखालचा नासुराचा मार्ग सलाइनने धुतात आणि १४७० नॅनोमीटर लेसरची रेडियल फायबर (चहूबाजूंनी प्रकाश टाकणारी बारीक तार) आतून संथपणे मागे ओढत मार्गाचं अस्तर जाळतात. तोंड शिवत नाहीत, पाणी वाहू देतात. फायबर भरभर ओढली तर अस्तर उरतं, रेंगाळली तर कातडी भाजते. पण बहुतेक वेळा अपयश येतं ते आत राहिलेल्या केसांमुळे किंवा न सापडलेल्या फाट्यामुळे.

दोन-चार छिद्रं आणि सरळ मार्ग असेल तर आमचा कौल लेसरला. माणूस लवकर कामावर जातो. मात्र घळ तशीच खोल राहते, त्यामुळे फाटे फुटलेल्या किंवा पुन्हा उलटलेल्या सायनसला फ्लॅपच बरा. पिकलेल्या गळवावर यातलं काहीच करत नाहीत : मध्यरेषेच्या बाजूला चीर देऊन पू काढायचा, बाकीचं सूज पूर्ण उतरल्यावर.