बाहुली शिंकते तेव्हा

बहुतेक जीवाणूंची लांबी एक ते काही मायक्रोमीटर असते. एका मिलिमीटरच्या लांबीत त्यांतले शेकडो जीवाणू एकामागे एक सहज मावतील. हात स्वच्छ दिसतो म्हणजे तो स्वच्छच आहे, हा सात-आठ वर्षांच्या मुलाचा तर्क त्यामुळे त्याच्यापुरता बिनचूक ठरतो आणि फळ्यावरच्या धड्याने तो सहसा ढळत नाही. नाटुकले, बाहुल्यांचा खेळ किंवा जादूचे प्रयोग इथे उपयोगी पडतात, ते न दिसणारी गोष्ट मुलांच्या डोळ्यांसमोर आणू शकतात म्हणून.

खेळातली बाहुली जोरात शिंकते आणि तिच्या तोंडामागे दडवलेल्या नळीतून पाण्याचा बारीक फवारा पहिल्या रांगेतल्या मुलांच्या चेहऱ्यावर येतो. मुले किंचाळतात, हसतात, गाल पुसतात. मग तीच बाहुली कोपराच्या आत तोंड झाकून शिंकते आणि या वेळी गाल कोरडे राहतात. तुषारांतून संसर्ग कसा पसरतो, हे आता निराळे पाठ करवून घ्यावे लागत नाही.

याहून परिणामकारक प्रयोग चमकणाऱ्या भुकटीचा. साध्या उजेडात जवळजवळ न दिसणारी ही भुकटी एका मुलाच्या तळहाताला लावतात, तो इतरांशी हात मिळवतो, एक चेंडू सगळीकडे फिरतो आणि मग दिवे मालवून अतिनील दिवा लावला जातो. ज्याने त्या पहिल्या मुलाला स्पर्शही केलेला नाही, त्याच्या नाकावर चमकता ठिपका दिसतो. सगळे हात धुऊन येतात, पुन्हा अंधार होतो, आणि नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या व अंगठ्याचे मूळ अजून चमकतच असते. किमान वीस सेकंद हात चोळा असे का सांगतात, ते तिथे कळते.

मात्र सोपे करण्याच्या नादात चुकीचे शिकवले जाऊ नये, याबाबत मी आग्रही आहे. पाण्यावर मिरपूड पसरून साबण लावलेले बोट बुडवले की पूड झटकन कडेला पळते, आणि ‘साबणाला घाबरून जंतू पळाले’ असे मुलांना सांगितले जाते. प्रत्यक्षात साबणामुळे बोटाजवळचा पृष्ठताण कमी होतो आणि भोवतालचे पाणी पुडीला बाहेर ओढून नेते. साबणाचे खरे काम वेगळे आहे: त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला तर दुसरे तेलकट पदार्थांना धरते, त्यामुळे कातडीवरचा तेलकट मळ जंतूंसह सुटून पाण्याबरोबर वाहून जातो आणि काही विषाणूंचे स्निग्ध आवरणही फुटते. एक मूल पाणी व दुसरे तेल होऊन, मधल्या ‘साबणा’ने दोघांचे हात धरले, तर हेही रंगमंचावर दाखवता येते. आजारी मुलाला खलनायक करणे ही दुसरी चूक; त्याने वर्गातल्या खऱ्या आजारी मुलाला इतर मुले वाळीत टाकू लागतात.

मुले हसली म्हणजे शिकली असे नव्हे, म्हणून परिणाम मोजावा लागतो. चीनच्या हुनान प्रांतातल्या ३८ शाळांमध्ये झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आधी जंतांचे औषध दिले गेले आणि मग निम्म्या शाळांत १२ मिनिटांचा एक व्यंगचित्रपट दाखवून त्यावर चर्चा, चित्रे व निबंध घेतले गेले. वर्षअखेरीस त्या शाळांमधल्या ४.१ टक्के मुलांना, तर उरलेल्या शाळांमधल्या ८.४ टक्के मुलांना आतड्यातल्या जंतांची लागण झालेली आढळली. तो रंगमंचावरचा खेळ नव्हता, पण गोष्ट पाहणे आणि मग तिच्यावर स्वतः काही करणे ही जोडी तिथेही होती.

म्हणूनच अशा खेळाचा शेवटचा प्रवेश नळापाशी व्हायला हवा. नळाला पाणी हवे, साबण हवा, आणि बाहुलीने आधी आपले हात पुढे करून बेचक्या चोळायला सुरुवात करावी, म्हणजे रांगेतली मुले तिच्याबरोबर चोळू लागतील.