उडणारा रंग, चढणारा रंग

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली वेताची खुर्ची मेपर्यंत आमच्या गॅलरीत होती. पाठीवर कायम एक लाल टॉवेल. तो धुवायला काढला, तर खाली वेत साईच्या रंगाचा, नवाकोरा. आजूबाजूला मात्र कडक चहासारखा. टॉवेलचा लाल तेवढा विटलेला. शेजारच्या मामांचा जन्म पूर्व भागातल्या रंगखात्यात गेला. ते म्हणाले, "उन्हानं रंग उडतो. हे तर चढलंय की!"

मामांनी नेमकं बोट ठेवलं. टॉवेलच्या रंगाचे रेणू प्रकाशाने मोडतात, म्हणून तो विटतो. वेतात मोडतोड होते तीही प्रकाशानेच, पण तिच्यातून नवा रंग जन्मतो.

वेत दिसतो बांबूसारखा, पण तो नारळाच्या कुळातला, काटेरी आणि चढणारा. त्याचे तंतू लिग्निन नावाचा पदार्थ एकमेकांना चिकटवून ठेवतो. तंतूंमधलं सेल्युलोज अतिनील किरणांना बरंचसं जाऊ देतं, लिग्निन ती शोषून घेतं. त्या ऊर्जेने त्याचे बंध तुटतात, मुक्त मूलकं, म्हणजे चटकन कशाशीही जुळणारे रेणूंचे तुकडे, तयार होतात, ती हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात आणि शेवटी क्विनोन गटाची पिवळी-तपकिरी संयुगं उरतात. जुनं वर्तमानपत्र पिवळं पडतं ते याच लिग्निनमुळे. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा अतिनील किरणांची काही कमी नसते. खिडकी लावून घेतली तरी पुरत नाही. साधी काच अतिनील किरणांतला यूव्ही-बी हा भाग अडवते, यूव्ही-ए बराचसा आत सोडते.

मग उपाय? दुकानदार सांगतात, "व्हार्निश मारा." साधं पारदर्शक व्हार्निश पाणी अडवतं, प्रकाश नाही, तेलाचं असेल तर स्वतःच पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळलेला वेत सुंदर दिसतो, पण त्यात रंग गेलेला असतो, लिग्निन तिथेच असतं. चार महिन्यांनी पुन्हा तेच.

कामाचा आहे तो पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचा लेप, तोही दोन गोष्टी घातलेला. एक, अतिनील किरणं शोषून त्यांची उष्णता करून टाकणारं द्रव्य, उदाहरणार्थ बेन्झोट्रायाझोल. दुसरं, त्यातून निसटलेल्या किरणांनी तयार झालेल्या मूलकांना पकडणारं अमाइन. एक दारावरचा रखवालदार, दुसरा घरातला. लेप घेताना डब्यावर 'यूव्ही' लिहिलंय का ते पाहा. सालीच्या बाजूला सिलिका असते, ती गुळगुळीत असते. तिथे लेप नीट धरत नाही, गाभ्याच्या विणीवर चांगला धरतो. प्रयोगशाळेत लिग्निनच्या ज्या टोकांपासून ही साखळी सुरू होते ती ॲसिटिक अनहायड्राइडने आधीच बंद करतात. गॅलरीतल्या खुर्चीसाठी तो खटाटोप माझ्या मते नको; जाड पडदा स्वस्त.

आणि झालेला डाग? अतिनील किरणं लाकडात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही आत जात नाहीत, म्हणून गाभ्याच्या वेतावर बारीक पॉलिश पेपर हलकासा फिरवला की खालचा रंग दिसू लागतो. सालीवर मात्र हात लावू नका, चकाकी जाईल.

आमच्या खुर्चीला पॉलिश पेपर लावला नाही. टॉवेलखालचा तो पांढरा चौकोन उन्हाकडे करून आणि बाकीच्यावर चादर टाकून ठेवलीय. गाठू दे त्याला आधी.