गजेंद्रगडकर आणि कामगार कायदा: थोडी पार्श्वभूमी

सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर म्हटलं की लोकांना सुप्रीम कोर्ट आठवतं, पण कामगार कायद्यात त्यांचं नाव सारखं का येतं हे बघायचं तर 1954-55 च्या बँक प्रकरणापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा वाद वर्षानुवर्षं चिघळलेला होता, कामगारांच्या वादांवरची अपिलं ऐकणाऱ्या अपिलेट ट्रायब्युनलने दिलेला निर्णय सरकारने परस्पर बदलला आणि त्यावरून कामगार मंत्री व्ही. व्ही. गिरींनी चक्क राजीनामा दिला. मग सरकारने आयोग नेमला, न्या. राजाध्यक्षांकडे तो होता पण ते मध्येच वारले आणि काम आलं मुंबई हायकोर्टाच्या गजेंद्रगडकरांकडे.

माणूस मूळचा साताऱ्याचा, घराणं संस्कृत शास्त्र्यांचं, शिक्षण धारवाड आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. 1945 ला हायकोर्टात जज, 1956 ला सुप्रीम कोर्टात. आणि तिथे त्यांनी जे लिहिलं त्यावर पुढे लेबर कोर्टांचं बरंचसं काम चाललं, कारण 1947 चा औद्योगिक विवाद कायदा बराच मोघम होता, योग्य पगार म्हणजे किती, बोनस कशातून द्यायचा, हे काही त्यात लिहिलेलं नव्हतं. क्राउन अॅल्युमिनियमच्या केसमध्ये त्यांनी सांगितलं की किमान पगारसुद्धा देता येत नसेल तर त्या उद्योगाला चालू राहायचा हक्कच नाही. आजही हे वाक्य युनियनवाल्यांच्या तोंडात असतं. 1959 च्या एसीसी सिमेंटच्या निकालात बोनसचा हिशोब कसा मांडायचा ते आलं.

मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात ते ‘उद्योग’ म्हणजे काय यावरचे दोन निकाल, कारण 1947 चा कायदा फक्त उद्योगातल्या कामगारांना लागू होता. 1960 मध्ये जे. जे. हॉस्पिटलमधल्या कामावरून काढलेल्या वॉर्डबॉय लोकांच्या केसमध्ये ते म्हणाले की हॉस्पिटल हा उद्योगच आहे, सरकारी असलं म्हणून काय झालं, भरपाई न देता काढता येणार नाही. आणि 1963 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या बस ड्रायव्हरांची केस आली तर निकाल उलटा, शिक्षण हा उद्योग नाही, मग ड्रायव्हरांना या कायद्याचं संरक्षण नाही. ड्रायव्हर शिकवत नाही हो, बस चालवतो, हे मला तरी पटत नाही.

1966 ला रिटायर झाल्यावर गंमत म्हणजे तेच मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिला राष्ट्रीय कामगार आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्षही तेच, म्हणजे इकडे विद्यापीठ सांभाळायचं आणि तिकडे देशभरातल्या युनियन आणि मालकांचं ऐकायचं. ऑगस्ट 1969 ला रिपोर्ट आला, त्यात औद्योगिक संबंधांसाठी सरकारपासून स्वतंत्र आयोग असावेत असं सुचवलं होतं. मग 1971 पासून ते विधी आयोगाचे, म्हणजे कायद्यात बदल सुचवणाऱ्या आयोगाचे, अध्यक्ष होते.

1978 मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हॉस्पिटलवाला निकाल कायम ठेवला आणि विद्यापीठवाला मोडीत काढला, तेव्हा गजेंद्रगडकर हयात होते.