साइडपट्टीवरची सायकल

खेड्यात कैची सायकल शिकणाऱ्या पोराला ब्रेक मारायच्या आधी एक गोष्ट शिकवली जायची: मागून एसटीचा आवाज आला की खाली उतर. खाली म्हणजे डांबरावरून मुरमाच्या साइडपट्टीवर. म्हातारी माणसं ‘बाजूले हो’ एवढंच म्हणायची. यात भित्रेपणा नव्हता, रस्ताच तेवढा होता.

रस्त्यांची आपल्याकडची उतरंड ठरली ती नागपुरात. डिसेंबर 1943 मध्ये देशभरातले मुख्य अभियंते तिथे जमले आणि पुढच्या 20 वर्षांचा आराखडा त्यांनी केला. तो ‘नागपूर योजना’ म्हणूनच ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते हे वर्ग त्यातले. गावाच्या वाट्याला अर्थात शेवटची पायरी आली. एकपदरी रस्त्याचं डांबर 3.75 मीटर. बस जास्तीत जास्त 2.6 मीटर रुंद. उरले 1.15 मीटर, तेही बस अगदी पलीकडच्या कडेला चिकटून चालली तर. सायकलचं हँडलच अर्ध्या मीटरहून जास्त जागा खातं, त्यात कॅरिअरवर आडवं टाकलेलं सरकी ढेपेचं पोतं. उतरणार नाही तर काय करणार?

पण उतरणं सोपं नव्हतं. वऱ्हाडातली भारी काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरची साइडपट्टी खचत जाते. वरून दर डांबरीकरणात रस्ता आणखी उंच होतो. मग कड चार बोटं वर, मुरूम खाली. खाली उतरताना फारसं काही होत नाही, माणूस पडतो तो परत वर चढताना. चाक कडेला समांतर घासत राहिलं की हँडल वळतं, पण सायकल वळत नाही. जाणते लोक पाय टेकवून, पुढचं चाक उचलूनच वर घेत.

रात्रीची गोष्ट वेगळी. टायरला घासून चालणारा डायनॅमो चाक फिरेपर्यंतच उजेड द्यायचा. ट्रकला वाट द्यायला थांबलात की दिवाही गेला, म्हणजे नेमकं दिसायला हवं तेव्हा अंधार. बिनदिव्याचा किंवा डबलसीट दिसला की तालुक्याच्या नाक्यावरचा शिपाई चाकातली हवा सोडायचा. मी एकदा त्या पायी सात किलोमीटर चाललोय, तेही अंधारातच. पुढे डायनॅमो गेले आणि दिवेही गेले. रिफ्लेक्टरच्या दर्जासाठी केंद्र सरकारने 2020 साली आदेश काढला, पण रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या उजेडावर चमकतो. अंधारात समोर उभी असलेली बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली तो दाखवत नाही. सोयाबीन, कापसाच्या दिवसांत तर अशा ट्रॉल्या जागोजागी.

दरम्यान सायकल चालवणारेही बदलले. मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या आणि सकाळी गावच्या रस्त्यावर दप्तरांची रांग लागू लागली.

मग आले चौपदरी रस्ते. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरच्या एका पदराचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, त्याचा जागतिक विक्रमही नोंदला गेला. चौपदरी रस्त्याला रुंदी भरपूर, पण मधे दुभाजक. घर अलीकडे, वावर पलीकडे, आणि दुभाजकातली फट दूर. म्हणून सायकलवाला उलट्या बाजूने कडेकडेने निघतो. ‘समोरची गाडी दिसते तरी’, हे त्याचं म्हणणं. हिशेब मात्र उलटा आहे. ताशी 80 ने येणारी गाडी आणि 12 ने जाणारी सायकल एकाच दिशेला असतील तर अंतर 68 च्या वेगाने मिटतं, समोरासमोर असतील तर 92 च्या. शिवाय आडरस्त्यावरून महामार्गावर डावीकडे वळणारा ड्रायव्हर उजवीकडेच बघत असतो. डावीकडून उलटी येणारी सायकल त्याला दिसतच नाही.

ज्यांना तेवढाही फेरा नको, ते हिंगणघाट-पांढरकवड्याकडच्या महामार्गावर संध्याकाळी दुभाजकापाशी उभे दिसतात. आधी पोतं पलीकडे टाकायचं, मग दांडीला धरून सायकल उचलायची.