कतञ्ञुता आणि सति : नागपूरच्या बौद्ध समाजातील आचार

कतञ्ञुता म्हणजे केलेले उपकार जाणणे आणि सति म्हणजे चालू क्षणी मन जागे ठेवणे. बौद्ध परंपरेतील या दोन्ही गोष्टी नागपुरात विहारापुरत्या राहिलेल्या नाहीत. घरच्या वंदनेत, जेवणात, दानात त्या रुळल्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे ज्येष्ठ भिक्खू महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली व पाठोपाठ लाखो अनुयायांना दिली. आजचा आचार तिथून सुरू होतो.

रोजच्या जगण्यातल्या सजगतेसाठी डोळे मिटून बसावेच लागते असे नाही. त्रिशरणानंतर (बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जाण्याच्या पाठानंतर) म्हटल्या जाणाऱ्या पंचशीलातले, म्हणजे पाच आचारनियमांतले, पाचवे शील पाहावे. ते मद्याला नकार देते, आणि कारणही सांगते : मद्याने प्रमाद, म्हणजे गाफीलपणा, येतो. दारूने संसार उद्ध्वस्त झालेले ज्या वस्त्यांनी पाहिले, तिथे हे शील सतिपट्ठान सुत्तातील (सति कशी साधावी हे सांगणाऱ्या बुद्धवचनातील) काया, वेदना, चित्त व धम्म या चार अनुपश्यनांहून, म्हणजे निरीक्षणांहून, आधी कळते. आंबेडकरांनीही सम्यक स्मृतीचा (अष्टांगिक मार्गातील सतीचा) अर्थ मनाची अखंड जागृती, दुष्ट वासनांवरचा पहारा असा लावला होता.

कतञ्ञुतेची जोड कतवेदितेशी आहे : उपकार नुसते जाणायचे नाहीत, कृतीतून दाखवायचे. मंगल सुत्तातील ३८ मंगलांत संतुष्टीच्या लगेच नंतर कतञ्ञुता येते. आईवडिलांच्या ऋणाविषयी अंगुत्तर निकाय हा पाली ग्रंथ फार कडक आहे. शंभर वर्षे त्यांना दोन्ही खांद्यांवर वाहिले तरी ऋण फिटत नाही. त्यांना श्रद्धा, शील, दान व प्रज्ञा यांत स्थिर केले तर फिटते. दीक्षेनंतर नागपूर परिसरातल्या शिकलेल्या मुलांनी निरक्षर आईबापांना वंदना पाठ करून दिली, ती नकळत याच वाटेने.

धम्मदीक्षा झाली त्या जागेवरचा, म्हणजे दीक्षाभूमीवरील, बोधिवृक्ष श्रीलंकेतील अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचा वंशज आहे. बोधीनंतर, म्हणजे ज्ञानप्राप्तीनंतर, बुद्धांनी एक सप्ताह पापणी न लववता बोधिवृक्षाकडे कृतज्ञतेने पाहिले, अशी परंपरा आहे. सति आणि कतञ्ञुता इतक्या सहज एकत्र आलेला प्रसंग दुसरा सापडणे कठीण. दीक्षाभूमीवरच्या भव्य स्तूपाचे लोकार्पण डिसेंबर २००१ मध्ये झाले. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, गावोगावहून आलेल्या लोकांना रस्तोरस्ती भोजनदान होते. पंगतीला ‘जय भीम’ पुरतो. कुणी आभारप्रदर्शन करत नाही, हे बरेच!

वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या काळात, आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमेपर्यंत, अनेक विहारांत आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. कामावरून परतलेल्या बायका पांढऱ्या साडीत येऊन तास-दीड तास ऐकतात. आमच्या मते सतीचा सर्वांत चिवट सराव तोच.

सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांच्या पद्धतीची दहा दिवसांची विपश्यना शिबिरे नागपूरजवळ माहुरझरी येथील धम्मनाग केंद्रात होतात. पहिले तीन दिवस आनापान (श्वासावर लक्ष), चौथ्या दिवसापासून विपश्यना (शरीरातील संवेदनांचे निरीक्षण), अखेरीस मैत्रीभावना (सर्वांसाठी मंगलकामना). बहुतेक काळ आर्यमौन, म्हणजे पूर्ण मौन. शुल्क नसते. आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून पुढच्यांचा खर्च निघतो, त्यामुळे परतफेड देणाऱ्याकडे जात नाही, पुढच्याकडे जाते. काही आंबेडकरवादी कार्यकर्त्यांचा या शिबिरांवर आक्षेप आहे : माणूस आत वळला की अन्यायाकडे पाठ फिरवतो. साधक म्हणतात, मन ताब्यात असलेला कार्यकर्ता जास्त टिकतो. नागपुरात एकाच घरात दोन्ही मते भेटतात.