सीएनईचे १५० तास : नर्सिंग रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणासाठी काय लागतं?

रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली की वॉर्डात एकच विचारणा सुरू होते, "सिस्टर, कुठे सीएनई आहे का हो?" सीएनई म्हणजे निरंतर परिचर्या शिक्षण. मग नाइट उतरून, ऑफ मोडून, मिळेल त्या कार्यक्रमाला धावायचं. विषय आपल्या कामाचा आहे का, हे बघायला सवडच उरत नाही. ही धावपळ टाळता येते, म्हणून सगळं नीट सांगते.

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचं आणि त्या पाच वर्षांत सीएनईचे १५० तास भरायचे, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं धोरण आहे. आपल्या राज्यात हे काम मुंबईची महाराष्ट्र परिचर्या परिषद बघते. हिशेब केला तर वर्षाला ३० तास होतात, म्हणजे दिवसभराचे चार-पाच कार्यक्रम. दर तिमाहीला एक ठरवून केला तरी बराचसा भार उतरतो.

नर्सिंगचं शिक्षण एएनएमचं असो, जीएनएमचं असो की बीएस्सीचं, नोंदणी असलेल्या प्रत्येकीने आणि प्रत्येक ब्रदरने हे करायचंच आहे. परराज्यातून शिकून आलेल्यांनी आधी मूळ परिषदेचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इथे नोंदणी करावी. परदेशी जायचा विचार असेल तर मुदत अजिबात चुकवू नका. तिकडच्या अर्जात इथल्या परिषदेकडून पडताळणी मागतात आणि थकलेली नोंदणी नेमकी तिथेच अडते.

आता विषयांबद्दल, कारण माझ्या मते खरं महत्त्व त्यालाच आहे. तास भरायचेच आहेत, तर आपल्या खाटेवर येणाऱ्या आजारांवर भरा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. एरवी क्वचित दिसणारा हा आजार. त्यात पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून रुग्णाला एका श्वासात एक, दोन, तीन असे अंक मोजायला सांगायचे आणि आकडा लिहून ठेवायचा. सकाळी पंचवीसपर्यंत जाणारा माणूस संध्याकाळी पंधरावरच थांबला, तर ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसत असला तरी डॉक्टरांना लगेच बोलवायचं. एवढीशी गोष्ट, पण ती चोवीस तास खाटेपाशी असलेल्या नर्सच्याच हातात असते. गडचिरोली-नंदुरबारकडे काम करत असाल तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या, सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गोचिडांमुळे होणारा माकडताप. क्षयाच्या वॉर्डात असाल तर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी २०२४ मध्ये मान्यता मिळालेली सहा महिन्यांची बीपाल्म उपचारपद्धती समजून घ्या.

नाव नोंदवण्याआधी मात्र एक विचारा : या कार्यक्रमाला परिषदेची मान्यता आहे का? नसेल तर ज्ञान मिळेल, तास धरले जातील असं नाही. प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचा. नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, तास आणि परिषदेच्या मान्यतेचा उल्लेख, सगळं बरोबर हवं. माझ्या एका मैत्रिणीची नोंदणी माहेरच्या नावावर होती आणि प्रमाणपत्रं सासरच्या. आयोजकांकडून ती दुरुस्त करून आणण्यात तिचे दोन महिने गेले. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत काढून आधी परिषदेकडे नाव बदलून घ्या आणि मग नूतनीकरणाला हात घाला.

अर्जाला बसताना मूळ नोंदणी प्रमाणपत्र, मागच्या नूतनीकरणाचा कागद, आधार, अलीकडचा फोटो, सहीची स्कॅन प्रत आणि सीएनईची सगळी प्रमाणपत्रं जवळ ठेवा. प्रत्येक प्रमाणपत्राची वेगळी फाइल करा आणि नावातच तारीख टाका. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा. परिचारिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला तुमचा एनयूआयडी हा ओळख क्रमांक अजून निघाला नसेल तर त्याचीही चौकशी याच वेळी परिषदेकडे करा. अर्जाचा नमुना आणि शुल्क परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पत्रकावर जाऊ नका.

पैसे भरल्याची पावती लगेच उतरवून घ्या. नूतनीकरण हातात आलं की त्यावरची नवी मुदत वाचा, एक प्रत मेट्रनच्या कार्यालयात द्या आणि पुढच्या १५० तासांसाठी नवी फाइल त्याच दिवशी उघडा.