सात्सुमा बंडाची ठसाचित्रे

जपानच्या सात्सुमा प्रांतातील १८७७ च्या सामुराई (योद्धा वर्ग) बंडावर त्याच वर्षी, मुख्यतः तोक्योत, लाकडी ठशांनी छापलेली बहुरंगी चित्रे (निशिकी-ए). कुमामोतो किल्ल्याचा वेढा, ताबारुझाकाची लढाई आणि शिरोयामा टेकडीवरील बंडाचा नेता साइगो ताकामोरी याचा अंत (२४ सप्टेंबर) हे नेहमीचे विषय. प्रमुख चित्रकार त्सुकिओका योशितोशी व योशू चिकानोबू. पैकी चिकानोबू १८६८-६९ मध्ये स्वतः शोगुनच्या (जुन्या लष्करी शासकाच्या) बाजूने लढला होता.

एदो काळात (१८६८ पूर्वीच्या शोगुनांच्या राजवटीत) ताज्या राजकीय घटना चितारण्यास मनाई असे. म्हणून १८६८ ची उएनोची (तोक्योतील, शोगुनचे समर्थक व नवे सरकार यांच्यातील) लढाई योशितोशीने जुन्या योद्ध्यांच्या नावांआड दाखवली. १८७७ मध्ये या आडपडद्याची गरज उरली नव्हती. प्रकाशक व चित्रकार यांची नावे, पत्ते आणि सरकारला सूचना दिल्याची तारीख समासात छापली जाई. कालनिश्चितीस ती उपयोगी, पण ती छपाईची तारीख नव्हे; मागणी असेतो तेच ठसे पुन्हा वापरत.

चित्रांची भिस्त वृत्तपत्रांतील बातम्यांवर होती. साइगोचे खात्रीलायक छायाचित्र उपलब्ध नाही. चित्रांतील त्याची दाट दाढी कल्पनेतलीच दिसते. तो शिरोयामावर गोळी लागून कोसळला, तरी काही चित्रांत नावेवर पोट चिरून घेताना आढळतो.

ही चित्रे बहुधा तीन तावांची. प्रत्येक ताव सुमारे ३९ × २६ सेंमी. पातळ कागदावरील रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून कोरत. त्यातच मूळ रेखाटन नष्ट होई. प्रत्येक रंगासाठी सहसा वेगळा ठसा. फळीवरील दोन खाचांना (केंतो), एक कोपऱ्यात काटकोनी व दुसरी कडेला सरळ, कागद टेकवून बारेनने (घासण्याच्या चपट्या गादीने) मागून घासत. कागदाला सरस-तुरटीचा हात कमी पडला तर रंग फुटतो. ओलसर कागद मध्येच वाळला तर आकसतो आणि रंग रेषेबाहेर सरकतो. ताव सुटे छापले जात, त्यामुळे आभाळाचा लाल पट्टा जोडावर जुळत नसेल तर संच वेगवेगळ्या छपायांतून जमवलेला असण्याची शक्यता धरावी.

या भडक तांबड्याबद्दल मतभेद आहे. जुने लेखक त्याला सरसकट ॲनिलीन (कृत्रिम रंग) म्हणत. रासायनिक तपासणीत मात्र मेजी काळातील (१८६८-१९१२) अनेक चित्रांत कोचिनील किड्यापासूनचे कार्माइन सापडले आहे. कार्माइनचे मत अधिक ग्राह्य वाटते. जांभळ्यात कृत्रिम रंग बराच आढळतो व तो उजेडात विटतो. नुसत्या नजरेने तांबडा ओळखून चित्राचा काळ ठरवू नये.